शेवटच्या बारा किलोमीटरांत लपवलेला उशीर

गाडी म्हणे ‘वेळेवर’! जरा वेळापत्रक उघडून दोन्ही दिशा शेजारी शेजारी ठेवा. शेवटच्या दोन स्थानकांमधलं 12 किलोमीटरचं अंतर शेवटच्या स्थानकातून सुटताना 14 मिनिटांत कापायचं, आणि तिथे पोचताना त्याच तुकड्याला 40 मिनिटं! रूळ तेच, इंजिन तेच. वरची 26 मिनिटं म्हणजे वाटेतला उशीर गिळायची सोय. राखीव वेळ हवाच. वेगमर्यादा असतात, क्रॉसिंग असतं, सिग्नल अडवतो. पण तो सगळा शेवटालाच का कोंबता? मधल्या जंक्शनला अर्धा तास उशिरा उतरलेल्या माणसाची बस केव्हाच सुटलेली असते, पुढची दोन तासांनी. तिकिटं वेगळी, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नाही. आणि शेवटच्या स्थानकावर वेळेत पोचली म्हणून नोंदीत गाडी वक्तशीर! गाड्यांवर जीव असलेल्यांना हे फार टोचतं.

बस ठरवताना शेवटच्या स्थानकाचा वक्तशीरपणा बघूच नका. उतरायचं त्या स्थानकाचा महिनाभराचा उशीर बघा, वर पूल ओलांडायला दहा मिनिटं धरा. खरं तर प्रत्येक जंक्शनच्या आधी पाच-सात मिनिटं वाटून दिली तरी बऱ्याच बस हाती लागतील. त्याला नवा रूळ टाकावा लागत नाही हो!