हातचं राखायचं, पण किती?

नमस्कार. माझ्या हाफ मॅरेथॉनच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात नुसता राग आला, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन तासांचं लक्ष्य ठेवून हाफ (21.1 किमी) 2:08:03 मध्ये संपवली, याचं खापर मी चुकलेल्या पेसवर (किलोमीटरमागे लागणारी मिनिटं) फोडतोय, खरं तर सरावच अपुरा होता. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगेही 2022 मध्ये बर्लिन मॅरेथॉनला पूर्वार्ध जोरात पळाला आणि तरी विश्वविक्रम झालाच. मी नुसता आरंभशूर आहे, नवशिक्यांना सल्ले देणं थांबवावं.

आरंभशूर मान्य. आकडेच तसे आहेत. दोन तासांत पोहोचायला किलोमीटरमागे 5:41 लागतात. मी पहिले पाच किमी 5:15 ने पळालो, पुढचे पाच 5:30 ने. दहा किमीला वेळ होती 53:45. आता गंमत बघा, माझी दहा किमीची तोवरची सर्वोत्तम वेळ होती 54:00! म्हणजे अजून अकरा किमी बाकी असताना मी स्वतःचाच विक्रम मोडत होतो, आणि वर मनात म्हणत होतो, आज पाय काय सुरेख पडतायत. पंधरापर्यंत पेस 5:55 वर घसरला. शेवटच्या सहा किमीत 7:20. दहापर्यंत तीन मिनिटं कमावली होती, पुढे अकरा घालवली.

किपचोगेचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. त्या शर्यतीत त्याचा पूर्वार्ध 59:51 चा आणि उत्तरार्ध 61:18 चा, म्हणजे फरक दीड मिनिटाच्या आत. माझे दोन भाग साधारण 57 आणि 71 मिनिटांचे, तेही निम्म्याच अंतरात. शिवाय 2018 चा त्याचा बर्लिनचाच विक्रम उलट्या पद्धतीचा होता: आधी 61:06, मग 60:33.

आता सरावाबद्दल. इथे तुम्ही बरोबर आहात, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणाने नाही. माझा सर्वांत लांबचा लाँग रन 14 किमीचा होता, हे कमीच. पण त्याहून वाईट म्हणजे माझं प्रत्येक पळणं एकाच वेगाचं होतं, 5:50 च्या आसपास. धड सावकाश नाही, धड टेम्पो (जोरात, पण टिकवता येईल असं पळणं) नाही. रोज थोडी धाप लागायची, घाम यायचा, समाधान मिळायचं. त्यामुळे 'आरामात' म्हणजे नक्की किती, हे शरीराला कधी कळलंच नाही. सुरुवातीच्या रेषेवर, टेपरनंतरच्या (शर्यतीआधी सराव कमी करतात, त्यानंतरच्या) ताज्या पायांनी, 5:15 मला खरोखरच सोपा वाटला. म्हणून 'पेस की सराव' हा वाद मला पटत नाही. तो पेस माझ्या सरावानेच शिकवला होता.

दोन तासांचं लक्ष्य तरी कुठून आलं? एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज देणाऱ्या पीट रीगल यांच्या सूत्रातून. दहा किमीच्या वेळेला अंतराच्या गुणोत्तराच्या 1.06 व्या घाताने गुणायचं. 54 मिनिटांवरून 1:59 येतं. सूत्र खोटं नाही. फक्त ते धरून चालतं की त्या अंतरासाठी लागणारी तयारी तुम्ही केली आहे. ही अट मी सोयीस्करपणे विसरलो.

'किलोमीटर वाढवा, बाकी आपोआप होईल' हा तुमचा उपाय मात्र मला अर्धवट वाटतो. त्याच 5:50 ने आणखी किलोमीटर ओढले असते तर बहुधा दुखापतच पदरात पडली असती. सध्या आठवड्यातले बहुतेक रन पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्या हळू करतोय, म्हणजे 7:00 ला. पहिल्या आठवड्यात हे अपमानास्पद वाटलं (चालणाऱ्या माणसांनी मागे टाकलं नाही एवढंच). घड्याळ न बघता सात धरायला गेलो की 6:20 निघायचा. दर आठवड्याला एकच टेम्पो, आणि लाँग रन हळूहळू 18 पर्यंत न्यायचा. त्यातले शेवटचे तीन-चार किमी ठरलेल्या शर्यतीच्या पेसने, तेव्हा पाय थकलेले असतात म्हणून.

नवशिक्यांना सल्ले देणं थांबवणार नाही. हा फसलेला हिशेब त्यांच्याच कामाचा आहे. पण मूळ लेखातलं 'सराव पुरेसा होता' हे वाक्य काढून टाकलंय. ते तुमच्यामुळे.