असह्य म्हणजे नेमके कोणते?

वरच्या मजल्यावर भिंतीला भोके पाडण्याचे काम सुरू होऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. ड्रिल यंत्राचा आवाज कानांतून आत शिरतो, असा एक सर्वसाधारण गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो दाढांतून शिरतो, तेथून मणक्यात उतरतो आणि जाता जाता टेबलावरच्या पेल्यातील पाण्यावर बारीक वलये उमटवून जातो. अकराव्या दिवशी मी इमारतीची देखभाल पाहणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिण्याचे ठरवले, आणि ते इंग्रजीत लिहिण्याचे ठरवले. कारण इंग्रजीतील तक्रार अधिक वजनदार ठरते, असा माझा एक जुना आणि कधीही न तपासलेला समज आहे. 'वरच्या मजल्यावरून येणारा आवाज' येथपासून इंग्रजी वाक्यातल्या 'इज'पर्यंत मी दोन मिनिटांत पोहोचलो. 'इज'च्या पुढे 'असह्य' या अर्थाचे फक्त एक विशेषण हवे होते. त्या एका विशेषणात माझी सबंध दुपार गेली.

प्रथम मी 'अनबेअरेबल' लिहिले. पुन्हा वाचल्यावर तो शब्द दुखण्याचा किंवा विरहाचा वाटू लागला. देखभाल कार्यालयाला विरहाचे पत्र पाठवण्यात अर्थ नव्हता. तो खोडून 'इन्सफरेबल' लिहिले. हा शब्द बहुधा माणसांसाठी, त्यातही स्वतःवर फार खूश असलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि ड्रिल यंत्रात गर्व दिसत असला तरी तो सिद्ध करणे अवघड होते. 'इनटॉलरेबल' बरा होता, पण तो लिहिताच आपण पत्र लिहीत नसून जाहीरनामा काढत आहोत असे वाटू लागले. 'इन्सपोर्टेबल' वाचून कार्यालयातील कारकून छताला आधार द्यायला गवंडी पाठवील, अशी धास्ती होती.

अशा वेळी शहाणा माणूस एक शब्द ठरवतो आणि पाकिटावर पत्ता लिहितो. मी समानार्थी शब्दांचा कोश काढला. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरांनी असा कोश १८५२ साली, वयाच्या ७३व्या वर्षी प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाला एका दुखण्यावर वीस औषधे दिसू लागली. कोणते घ्यावे हे कोश सांगत नाही. तो फक्त बाटल्या मांडून ठेवतो.

त्यावरून मी व्युत्पत्तीच्या कोशात शिरलो, आणि तेथे या सगळ्या विशेषणांची हमाली उघडकीस आली. 'टॉलरेट', 'सफर', 'सपोर्ट', 'बेअर' या चौघांच्याही मुळाशी ओझे उचलणे किंवा वाहणे हाच अर्थ आहे. 'सफर' म्हणजे लॅटिनमध्ये खालून उचलून धरणे. म्हणजे मी अकरा दिवस व्याकरणदृष्ट्याही खालच्याच मजल्यावर राहत होतो. त्यातला लॅटिन 'फेर', इंग्रजी 'बेअर' आणि आपला 'भार' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. एवढेच कशाला, 'इनटॉलरेबल'मधला 'इन', 'अनबेअरेबल'मधला 'अन' आणि 'असह्य'मधला 'अ' हेही एकाच घरचे तीन भाऊ निघाले. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी एकदाच 'नाही' म्हणाले असावे आणि आपण सगळे अजून त्याच नकारावर दिवस काढत असावे. हे वाचून मला इतका आनंद झाला की काही क्षण आवाज जाणवलाच नाही, आणि त्यामुळे माझ्या तक्रारीचा पायाच डळमळू लागला.

मुळात सोसवत नाही या मुद्द्यावर तक्रार करणे धोक्याचे असते. त्यात साक्षीदार एकटा तक्रारदार असतो आणि कार्यालय त्याला कानांत कापूस घालण्याचा सल्ला देऊ शकते. म्हणून मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे जे सोसवत नाही ते सोडून ज्याचे समर्थन करता येत नाही त्या बाजूने चढाई केली. येथे 'अनटेनेबल' भेटला. हा शब्द धरून ठेवता न येणाऱ्या किल्ल्याचा किंवा ठाण्याचा, आणि पुढे तशाच भूमिकेचा. पण माझा शत्रू वर होता आणि मी तळाशी. ठाणे कोणाचे ढासळत होते, हे उघड होते. 'इनडिफेन्सिबल'चीही हीच अडचण.

'अनकॉन्शनेबल'वर मात्र माझा जीव जडला. ज्याला सदसद्विवेकबुद्धी मान्यता देणार नाही असे काहीही त्यात बसते: अवाच्या सवा दर, न संपणारा विलंब, एकतर्फी करार. शुद्धीवरचा माणूस जो करणार नाही आणि प्रामाणिक माणूस जो स्वीकारणार नाही, तो व्यवहार असा, अशा आशयाची कसोटी इंग्लंडच्या न्यायालयाने १८व्या शतकाच्या मध्यास सांगितली आहे. त्याच इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६८५च्या फेब्रुवारीत चार-पाच दिवस मृत्युशय्येवर होता. मरायला आपण 'अनकॉन्शनेबल' वेळ लावत आहोत, त्याबद्दल मंडळींनी क्षमा करावी, असे तो भोवतालच्यांना म्हणाल्याची आख्यायिका आहे. मरताना ज्याला असे विशेषण सुचते, त्याला ते एका झटक्यात सुचले असणार, याचा मला हेवा वाटला.

तो शब्द लिहून मी कोश जागेवर ठेवायला उठलो आणि फळीसमोर थबकलो. कोशांची ही फळी मी गेल्या वर्षी स्वतः बसवली होती. तिला आठ भोके लागली होती, आणि त्यांतील तीन चुकीच्या जागी पडल्यामुळे प्रत्यक्षात अकरा. ती मी एका सुटीच्या दिवशी, भर दुपारी पाडली होती. चुकलेली तीन भोके अजून लांबट कोशांच्या मागे लपलेली आहेत. सदसद्विवेकबुद्धीचे विशेषण हातात घेऊन त्या फळीसमोर उभे राहणे फार वेळ जमले नाही. 'इनएक्स्क्यूजेबल' तर मी उच्चारलाही नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले की मराठीत मला ही अडचण कधीच आली नव्हती. 'असह्य' आणि 'अक्षम्य' हे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते अग्रलेखात राहतात. घरात आपण दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो किंवा घालत नाही. 'कोणत्या तोंडाने सांगतोस?' असे विचारतो. आणि फारच झाले तर व्याकरणात ज्याला शक्य क्रियापद म्हणतात, ते वापरतो. बघवत नाही, ऐकवत नाही, सोसवत नाही. इंग्रजी विशेषण वस्तूच्या कपाळावर शिक्का मारून मोकळे होते. बोलणारा माणूस वाक्यात कोठे दिसतही नाही. 'मला ऐकवत नाही' म्हणताना मात्र आवाज जसाच्या तसा राहतो, आणि असमर्थता आपण आपल्या पदरात घेतो. तक्रारीसाठी ही रचना अगदी कुचकामाची आहे, असेच माझे मत होते.

तेवढ्यात माथ्यावर असा काही घरघराट झाला की पेला टेबलाच्या कडेपर्यंत सरकला. मी अर्धवट पत्र हातात घेऊन जिना चढलो. दार उघडेच होते. डोक्यापासून पायांपर्यंत चुन्याने पांढरे झालेले शेजारी एका स्टुलावर उभे होते. मी पत्र पुढे करणार होतो, पण 'इज'च्या पुढची जागा चार वेळा खोडल्यामुळे तेथे कागदाला भोक पडले होते. तोंडातून एवढेच निघाले :

"अहो, आता खरंच ऐकवत नाही."

त्यांनी यंत्र बंद केले. इतक्या दिवसांत प्रथमच त्या खोलीत शांतता झाली. ते स्टुलावरून उतरले, चष्म्याची काच सदऱ्याला पुसली आणि अत्यंत कळवळून म्हणाले, "आम्हाला तरी कुठे ऐकवतंय हो! फळी बसवतोय. आठच भोकं होती, पण तीन चुकली."