भिंतीचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे

पाऊस सुरू झाला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. "ऑफिसच्या भिंतीवर काळी बुरशी दिसतेय? ती जीवघेणी असते. फोटो काढा, हवेची टेस्ट करा, लघवीतलं बुरशीचं विष तपासून घ्या. रिपोर्ट आला की कंपनीला भरपाई द्यावीच लागते." आमच्या ग्रुपवर यंदा तो तिसऱ्यांदा आला. आता उत्तर देतोच.

आधी ते 'जीवघेणी' प्रकरण. २०२१ मध्ये कोविडनंतर ज्या 'काळ्या बुरशी'ने लोकांचे डोळे आणि जबडे गेले, तो म्युकरमायकोसिस. त्यातला काळा रंग मेलेल्या मांसाचा, बुरशीचा नव्हे. आणि तो गाठायचा मुख्यतः बेताल मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आलेल्यांना. भिंतीवरच्या डागाशी त्याची सोयरीक जुळवायची ती केवळ नावावरून. भिंतीवर क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस किंवा ती बदनाम स्टॅकिबॉट्रिस, यांपैकी बुरशीची कुठलीही जात असेल. नुसत्या रंगावरून ओळखता येत नाही. ही बदनामी आली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडहून. तिथे १९९३-९४ च्या सुमारास तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव होऊ लागला आणि संशय स्टॅकिबॉट्रिसवर गेला. पुढे २००० मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने तोच तपास पुन्हा उलगडून पाहिला आणि संबंध सिद्ध झालेला नाही असं जाहीर केलं. गोष्टीचा हा उत्तरार्ध मेसेजवाल्यांपर्यंत अजून पोचलेला नाही.

हवेची टेस्ट? जुलैत आपल्याकडे खिडकीबाहेरच्या हवेतही बीजाणूंचा बाजार भरलेला असतो. त्याच दिवशी बाहेरचा नमुना घेतला नसेल तर आतल्या आकड्याला काही अर्थ नाही. घेतला तरी तो काही मिनिटांचा. एसी चालू-बंद झाला की चित्र पालटतं. शिवाय तुलना कशाशी करणार? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही 'इतक्या बीजाणूंपर्यंत चालेल' असा आकडा नाही. तिचा भर आहे ओल हटवण्यावर.

लघवीची टेस्ट तर सोडूनच द्या. बुरशीची विषं शेंगदाणे, मका यांतूनही पोटात जातात आणि धडधाकट माणसाच्या लघवीतही सापडतात. या चाचण्यांवरून निदान करू नये असा इशारा सीडीसीने २०१५ मध्ये दिलाय.

इथवर वाचून एचआरवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. ओलसर इमारतीत खोकला, छातीत घरघर आणि दमा बळावणं यांचा पुरावा चांगला भक्कम आहे. फक्त तो भिंतीवर नाही, श्वासात शोधावा लागतो.

माझ्या जुन्या नोकरीत तळघरात रेकॉर्ड रूम होती. वरच्या मजल्याचा पाइप गळायचा, भिंतीचे पोपडे सुटलेले, आणि जुन्या कागदांच्या गठ्ठ्याचा रुमाल सोडला की कुबट वास थेट घशात उतरायचा. तिथल्या बाईंना ढास लागायची. त्यांच्या डॉक्टरांनी हातात पीक फ्लो मीटर दिला, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं छोटं यंत्र; आकडा कमी म्हणजे श्वासनळ्या आवळलेल्या. दिवसातून चारदा जोरात फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा, कामाचे दिवस आणि सुट्टी दोन्हींत, तीन-चार आठवडे. सोमवारी सकाळी ३६०, शुक्रवारी संध्याकाळी २७०. गणपतीला त्या पाच दिवस गावी गेल्या आणि आकडा ३८० वर चढला. परतल्यावर दोन दिवसांत पुन्हा घसरला. कुठल्याही लॅबच्या कागदापेक्षा ती शाळेची वही बोलकी होती.

तरी त्या वहीने त्रासाचं कारण 'काम' आहे एवढंच सिद्ध झालं, 'बुरशी' नाही. जुन्या कागदांची धूळही तेच करू शकते. बुरशीवर बोट ठेवायला अ‍ॅलर्जीची तपासणी, गळतीची नोंद आणि त्याच खोलीत बसणाऱ्या इतरांच्या तक्रारी अशा कड्या जोडाव्या लागतात. रक्तात बुरशीविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं (शरीराने बचावासाठी बनवलेली प्रथिनं) सापडली, तर शरीराची तिच्याशी गाठ पडली एवढंच कळतं. आजार तिचाच, हे नाही. पाइप दुरुस्त झाल्यावर आकडे सुधारले, तर ती कडी सगळ्यांत मजबूत.

आणि 'भरपाई द्यावीच लागते' हे? १९२३ च्या भरपाई कायद्याला व्यावसायिक आजारांची यादी जोडलेली होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही तशी यादी आहे. डोकेदुखी आणि सर्दीला जुन्या यादीत थारा नव्हता. यादीबाहेरच्या आजाराला कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघाती इजेशी थेट जोडून दाखवावं लागे, आणि ओलीचा असा अपघात कुठून आणायचा? सेंद्रिय धुळीने होणारा अ‍ॅलर्जीचा फुफ्फुसदाह मात्र त्या यादीत होता. बगॅसोसिस, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या (बगॅसच्या) धुळीने होणारा असाच आजार, तर नावानिशी होता. साखर कारखान्याच्या यार्डात ओल्या बगॅसची थप्पी आतून तापते, तिच्यात बुरशीसारखे तंतू काढणारे जिवाणू माजतात आणि थप्पी फोडणाऱ्याच्या छातीत जातात. संध्याकाळी ताप, खोकला, धाप; हंगामभर 'मलेरिया असेल' म्हणून गोळ्या. त्या यार्डातल्या कुणाच्या मोबाइलवर हा मेसेज आलेला मी तरी पाहिला नाही.