बाबांची गोळी डब्यात तशीच

अंबाझरीला सकाळी फिरायला गेलं की कोणीतरी बाबांच्या हातात नवी डबी ठेवतंच. द्राक्षबियांचा अर्क, ग्रीन टीच्या कॅप्सूल, सगळं अँटिऑक्सिडंट म्हणून, म्हणजे शरीरातल्या पेशींची झीज रोखणारं. "काकाजी, झाडपाल्याचं आहे, अपाय नाही, नसा साफ होतात." काहून सांगता बाप्पा असं? बाबांच्या हृदयाच्या नसेत स्टेंट आहे, नस उघडी ठेवणारी जाळीची नळी! परवा पाहिलं तर कोलेस्टेरॉलची गोळी आठ दिवसांची तशीच पडलेली, अन् अठराशेची डबी अर्धी रिकामी. जीवच थाऱ्यावर राहिला नाही माझा. 2000 सालच्या होप नावाच्या वैद्यकीय चाचणीत हजारो लोकांना साडेचार वर्षं रोज व्हिटॅमिन ई दिलं, तेही अँटिऑक्सिडंटच. हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. स्टेंटवाल्याची गोळी सुटली तर मात्र धोका वाढतो. अँटिऑक्सिडंट पाहिजेत ना? संत्री आहेत, आवळे आहेत, घरी आणतोच. बाबांच्या हातात डबी देणं तेवढं बंद करा.