'कंपायलरचं तोंड बंद केलंत' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्स कर्नलमधली, आयपीव्ही४ हेडरमध्ये (नेटवर्क पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीत) पत्ते भरणारी ओळ वर्षानुवर्षं नीट चालत होती, जीसीसी या सी कंपायलरची वॉर्निंग खोटी होती, आणि मी चालत्या कोडला उगाच हात लावला. मेकफाइलमध्ये (कोड कसा कंपाइल करायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) ती वॉर्निंग बंद करणारा एक फ्लॅग टाकला असता तर भागलं असतं. शिवाय इंटरप्टच्या नावाचा बफर (ते नाव ठेवायची जागा) वाढवायचीही गरज नव्हती.

अर्धं मान्य. ओव्हरफ्लो (जागेबाहेर लिहिणं) नव्हताच. लेखात मी 'बग सापडला' लिहिलं होतं, ते चुकलंच. दुरुस्त केलंय.

फ्लॅगचं मात्र पटत नाही. मेमकॉपीला (बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनला) जागा दिली होती सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याच्या, पत्त्याची (म्हणजे पत्त्याचा पत्ता, मराठीत भलतंच वाटतं) आणि आकार ८ बाइट. सोर्स पत्ता ४ बाइटचा. उरलेले ४ बाइट शेजारच्या डेस्टिनेशन पत्त्यात जातात, आणि तेच हवं असतं. पण हे कोडमध्ये कुठे लिहिलंय? कंपायलरला दिसतं ते एवढंच की ४ बाइटच्या सदस्यात (स्ट्रक्टच्या एका भागात) ८ बाइट ओतले.

आता ही दुसरी ओळ बघा: १६ बाइटच्या सॉकअ‍ॅडरमध्ये (सॉकेटचा पत्ता ठेवणाऱ्या स्ट्रक्टमध्ये) २८ बाइटचा आयपीव्ही६ सॉकअ‍ॅडर कॉपी केलाय. दिसायला अगदी तशीच, वॉर्निंगही तीच, पण इथे शेजारची मेमरी खरोखर खराब होते. मेकफाइलमधला असा फ्लॅग साधारणपणे अख्ख्या डिरेक्टरीला लागू होतो, म्हणजे दोन्ही वॉर्निंग एकदमच गायब. पॉइंटर कास्ट करूनही (त्याचा टाइप बदलून दाखवूनही) उपयोग नाही. जीसीसी बहुतेकदा कास्टच्या आडून मूळ सदस्यापर्यंत पोचतो.

कर्नलच्या आयपी हेडरमध्ये दोन्ही पत्ते आधीच स्ट्रक्ट ग्रुपमध्ये बांधलेले आहेत. आत युनियन (एकाच जागेकडे दोन प्रकारे बघायची सोय) असते: तेच सदस्य एकदा सुटे, एकदा 'अ‍ॅडर्स' या नावाखाली. मांडणी तीच राहते, जुना कोडही तसाच चालतो. मी फक्त सुट्या सदस्याऐवजी त्या ग्रुपचा पत्ता दिला. मग आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) ऑब्जडंप या टूलने उघडून डिफ, म्हणजे फरक, काढला. काहीच फरक नाही. ६४ बिटवर ही ८ बाइटची कॉपी तशीही एक लोड आणि एक स्टोअर.

दुसऱ्या मुद्द्यात तुम्ही जिंकलात. इंटरप्टच्या नावाचा बफर मी २५ वरून ३३ केला: इंटरफेसचं नाव १५, मधली ६ अक्षरं, क्यूचा क्रमांक इंट (पूर्णांक) म्हणून छापायला जास्तीत जास्त ११ आणि शेवटचा नल (नाव संपल्याची खूण). हिशेब बरोबर, पण क्यूचा क्रमांक उणे दोन अब्ज कशाला असेल? एसएनप्रिंटएफ (बफरमध्ये मजकूर लिहिणारं फंक्शन) जास्तीचं कापतो, बफरबाहेर लिहीत नाही, त्यामुळे धोका नव्हताच. मी वॉर्निंग बघून आकडा वाढवला, व्हेरिएबलचा टाइप बघितला नाही. तो १६ बिटांचा अनसाइन्ड (उणे न होणारा) केला की ५ अंक पुरतात आणि २७ मध्ये काम होतं. पॅचची पुढची आवृत्ती तशी पाठवतो.