कार्बोरेटर न खोलता बोटीचं इंजिन पुरासाठी तयार होत नाही

पावसाच्या तोंडावर चिकोडी, निपाणी, अथणीकडे एक मेसेज जोरात फिरतोय. वर्षभर पडून असलेल्या बोटीच्या इंजिनाचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलू नका, टाकीत क्लीनर ओतून रेस करा. तरी अडलं तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार घाला, मिश्रणाचा स्क्रू दीड फेरा सोडा, ट्यूनिंग काठावरच उरका. 2019 चा पूर बघितलेल्या कृष्णाकाठाला असला सल्ला देणं धोक्याचं आहे.

जिथून पेट्रोल जात नाही, तिथून क्लीनर तरी कसा जाणार? शिवाय रेस केल्यावर इंजिन मोठ्या, मेन जेटवर चालतं, तुंबलेलं असतं हळू चालताना पेट्रोल देणारं छोटं पायलट जेट. मागच्या महिन्यात एक कार्बोरेटर खोलला. पेट्रोल साठतं त्या वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे फिरत होते, भोवती पांढरी भुकटी. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. पायलट जेट उजेडाकडे धरलं, तर पलीकडचं काहीच दिसेना. असं इंजिन रेसवर छान पळतं आणि माणसं चढवायला हळू केलं की बंद पडतं, तेही धारेत. मेन जेट अर्धं तुंबलं तर आणखी वाईट. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी, आणि पिस्टन जाम.

तार तर नकोच. जेटचं भोक मापाचं असतं, पितळ मऊ. क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, नाही सुटलं तर नवीन जेट घाला. खोललंच आहे तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई आणि गॅस्केटही बदला.

दीड फेरा ही फार तर सुरुवात. काही कार्बोरेटरांत तो स्क्रू हवेचा असतो, काहींत पेट्रोलचा. हवेचा आत फिरवला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, पेट्रोलचा आत फिरवला की लीन (पेट्रोल कमी). त्यात इंजिन गोव्याहून जुनं आणलेलं असेल, तर त्याचं सेटिंग समुद्रकाठचं. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर, इथं हवा विरळ, म्हणून तेच सेटिंग थोडं रिच पडतं.

काठावर कोरडं चालवलं, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर (फिरतं चाक) थोड्याच वेळात जळतं. बोट पाण्यात दोरानं बांधा, इंजिन गरम होऊ द्या, गिअर टाका आणि मग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कान द्या. काम झालं की पाण्यातच पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, वाटीचा खालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढा.