कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

आज तिसऱ्यांदा बँकेतून हात हलवत परत आलो. सोसायटीच्या खात्यावर अजून जुन्या सेक्रेटरींची आणि जुन्या खजिनदारांची सही चालते. एक जण मुलाकडे पुण्याला राहायला गेलेत, दुसरे फोन उचलत नाहीत. बँक म्हणते ठरावाची प्रत आणा, नव्या लोकांची केवायसी आणा, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणा. नोंदणी प्रमाणपत्र ऑफिसच्या कपाटात आहे. आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे आमच्या ६४ घरांत एकालाही सांगता येत नाही!

वॉचमनचा पगार ७ तारखेला होतो. आज १९ तारीख. खात्यात पैसे पडून आहेत आणि गेटवरचा माणूस दुकानदाराकडे उधारी करतोय. सकाळी मी बाहेर पडलो की विचारतो, "साहेब, आज होईल का?" मला मान वर करून उत्तर देता येत नाही. चूक त्याची नाही, शिक्षा मात्र त्याला.

कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. कधी संपणार ते पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. एखाद्याला अचानक आजारपण आलं, बदली झाली, तर समजू शकतो. इथे तसं काहीच झालं नाही. पाच वर्षं हातात होती आणि शेवटच्या महिन्यापर्यंत कुणी विचारलं नाही की पुढे कोण, कागद कुठे, सिंकिंग फंडाच्या, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या, एफडी कुठल्या शाखेत, त्यांची मुदत कधी भरते. जुन्या सेक्रेटरींनी सलग दोन टर्म एकट्याने गाडा ओढला, ते मी मानतो. पाणी गेलं की रात्री अकराला टँकरवाल्याला फोन तेच करायचे. पण सगळं डोक्यात ठेवलं. कागदावर एक ओळ नाही. आणि आपण बाकीचे? "ते बघतायत ना" म्हणून दारं लावून बसलो.

वार्षिक सभेतली गोष्ट आठवली की अजून डोकं तापतं. कोरमसाठी २० सभासद लागतात, आले ११. अर्धा तास ताटकळलो आणि मग तहकूब सभा सुरू केली. पार्किंगवर सव्वा तास भांडण. कुणाची गाडी कुणाच्या खांबाला किती चिकटते! त्यानंतर कमिटीसाठी नावं मागितली तर एकदम शांतता. जे पार्किंगवर सर्वांत मोठ्याने बोलत होते ते मोबाइलमध्ये बघायला लागले. शेवटी कोपऱ्यातून आवाज आला, "तुम्हीच घ्या हो, तुम्हाला वेळ असतो." कुणी सांगितलं मला वेळ असतो? मीही डोंबिवलीहून ८.१२ची लोकल पकडतो.

बरं, सोसायटीचं वेळापत्रक काही दरवर्षी बदलत नाही. ३१ मार्चला हिशेब बंद, ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी. लिफ्टचा एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल करार, विमा, टाकीची सफाई, सगळ्याच्या तारखा ठरलेल्या. इमारत तीस वर्षांच्या पुढे गेली, म्हणजे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. मागचा अहवाल? तोही त्याच कपाटात, असं म्हणतात.

गच्चीचं तर बोलूच नका. वॉटरप्रूफिंग करायचं तर फेब्रुवारीत कोटेशनं मागवायची, एप्रिल-मेमध्ये काम उरकायचं. आमच्याकडे मे महिन्यात व्हॉट्सॲपवर चर्चा सुरू झाली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठराव. पाऊस सुरू झाल्यावर कोण कंत्राटदार येणार? आला तो दुप्पट भाव सांगून गेला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी अख्खा पावसाळा पलंग हॉलमध्ये ओढून काढला. बेडरूममध्ये तीन बादल्या. त्या मेंटेनन्स एक दिवससुद्धा उशिरा भरत नाहीत.

मी एक साधी गोष्ट मांडली होती. १ एप्रिलला नोटीस बोर्डावर एक कागद लावू, कुठलं काम, कुठल्या महिन्यात, कुणाकडे. मुदतीच्या शेवटच्या वर्षात सेक्रेटरी आणि खजिनदारांच्या जोडीला एकेक नवा माणूस बसू दे, काम शिकू दे. आणि पद सोडताना दप्तर यादीसकट सही घेऊन द्यायचं. यावर उत्तर काय, तर "ही काय कंपनी आहे का?" अहो, कंपनी बुडली तर दुसरी नोकरी मिळेल. इथे आयुष्यभराची कमाई घातलीय लोकांनी, निम्म्या घरांचे हप्ते अजून चालू आहेत. आणि फुकट काम करतो म्हणून कसंही करायचं, हे मला बिलकूल मान्य नाही. पगार घेत नसलो तरी पैसे ६४ घरांचे आहेत.

उद्या सकाळी दहाला किल्लीवाला येतोय. दोन सभासद साक्षीला बसवून कपाट उघडणार. मिनिट्स बुक, आय आणि जे रजिस्टर (सभासदांची नोंदवही आणि यादी), एफडीच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेटं, जे निघेल ते एकेक करून लिहून काढणार आणि यादीची प्रत प्रत्येक दाराखालून सरकवणार. तिथून सरळ बँकेत. वॉचमनचा पगार झाल्याशिवाय मी घरी येणार नाही.